मिठाला पाणी सुटते तेव्हा औषधाचे काय होते?



मृग निघण्यापूर्वी शेतकऱ्याच्या घरात आवराआवर सुरू होते. बियाणे वर टांगले जाते, युरियाची गोणी फळीवर चढते, सरपण पडवीत येते, कणगीतल्या भातात कडुलिंबाचा पाला घातला जातो. ओल कशाकशाला खाते हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण त्याच घरात, चुलीच्या वरच्या फळीवर नाहीतर क्रूसाखालच्या कोनाड्यात, मागच्या तापातून उरलेल्या गोळ्यांची एक पिशवी असते. तिच्याकडे कोणी पाहत नाही. बियाणे सर्दले तर उगवत नाही, हे आपण जाणतो. औषध सर्दले तर काय होते, हा प्रश्न आपल्या मनातही येत नाही. यंदा तो विचारावा असे मला वाटते, आणि तो सुरतेच्या निमित्ताने विचारावा.

सुरतच का, तर प्रतिजैविक औषधांची गरज आणि त्यांचा शत्रू हे दोन्ही तिथे एकाच ऋतूत येतात. सुरत, नवसारी, वलसाड या पट्ट्यात भाताची आणि उसाची शेती आहे. पावसाळ्यात चिखलात उभे राहून लावणी करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे आपण नुसते 'लेप्टो' म्हणतो तो ताप, गाठतो. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून जंतू पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून अंगात शिरतात. १९९० च्या दशकापासून दक्षिण गुजरातच्या आरोग्य खात्याला दर पावसाळ्यात या तापाशी झुंजावे लागले आहे. ताप साधा वाटतो, अंग दुखते, पोटऱ्या धरून येतात, डोळे लाल होतात; आणि दुर्लक्ष झाले तर कावीळ होते, मूत्रपिंडे बंद पडतात, माणूस दगावतो. म्हणून ज्यांना चिखलात उतरणे भागच आहे अशा मजुरांना त्या दिवसांत आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची मात्रा देण्याची पद्धत पडली. ही पद्धत कोणाच्या लहरीतून आलेली नाही. पनामाच्या जंगलात सराव करणाऱ्या ९४० अमेरिकन सैनिकांवर तिची परीक्षा झाली होती आणि तिचे निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना नुसती खोटी गोळी दिली त्यांच्यापैकी २० जणांना लेप्टो झाला. ज्यांना खरी गोळी मिळाली त्यांच्यापैकी एकालाच.

आता विचार करा. ही गोळी गावोगाव वाटायची ती आषाढ-श्रावणात. म्हणजे ज्या महिन्यांत हवेत औषधाचे वैरी सर्वांत जास्त, त्याच महिन्यांत ती गोदामातून टेम्पोत, टेम्पोतून उपकेंद्राच्या कपाटात आणि तिथून कागदाच्या पुडीत बांधून मजुराच्या कनवटीला जाणार. पनामातली गोळी गुणाची होती. कनवटीची गोळी तशीच गुणाची आहे का, हे कोण सांगणार?

प्रतिजैविक औषधे पाण्याला का भितात, ते थोडक्यात सांगतो. पेनिसिलीनच्या कुळातल्या सर्व औषधांच्या (ॲम्पिसिलीन, अमॉक्सिसिलीन ही त्यातलीच) गाभ्यात एक चौकोनी कडे असते. औषधाचा सारा पराक्रम त्या कड्यात. हे कडे ताणून बसवलेल्या कमानीसारखे असते. पाण्याचा रेणू लागला की ते उघडते, आणि एकदा उघडले की परत मिटत नाही. उष्णता या कामाला वेग देते. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पहिल्यांदा पेनिसिलीन टोचले तेव्हा औषध इतके थोडे होते की त्याच्या लघवीतून ते पुन्हा काढून त्यालाच द्यावे लागले. औषध संपले आणि तो बिचारा गेला. त्या प्रयोगशाळेत नॉर्मन हीटली या शास्त्रज्ञाने काय धडपड केली, तर पेनिसिलीन थंड ठेवायचे आणि लवकरात लवकर कोरडे करायचे. आजही पेनिसिलीनचे इंजेक्शन कुपीत कोरडी पूड म्हणून येते आणि टोचण्याच्या वेळीच त्यात पाणी घालतात, त्यामागे हेच कारण आहे. लहान मुलांच्या औषधाची बाटलीही पूड म्हणूनच मिळते. आपल्या पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि १९५५ पासून देशी पेनिसिलीन निघू लागले, तेव्हा परदेशी औषधावरचे अवलंबन कमी झाले याचा आपल्याला रास्त अभिमान वाटला. पण देशी औषधालाही देशी पावसाळा सोसावा लागतोच.

टेट्रासायक्लिनची गोष्ट निराळी आणि अधिक गंभीर आहे. पेनिसिलीन बिघडले तर बहुधा निकामी होते. टेट्रासायक्लिन उष्णतेने, ओलीने आणि आंबटपणाने बिघडले तर त्याचे दुसरेच पदार्थ बनतात आणि त्यांतला एक मूत्रपिंडाला विषारी असतो. हे १९६३ मध्ये अमेरिकेत उघडकीला आले. जुन्या, बिघडलेल्या कॅप्सूल घेतलेल्या रोग्यांना मळमळ आणि ओकाऱ्या होऊ लागल्या, तहान भागेना, लघवी फार होऊ लागली, अंगातले बळ गेले. लघवी तपासली तर तिच्यात साखर, प्रथिने, अमिनो आम्ले वाहून जात होती. औषध बंद केल्यावर पुढे ते बरे झाले. पुढच्या शोधात दिसले की त्या काळी कॅप्सूलमध्ये सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबाचा आंबटपणा, मिसळत असत आणि त्यानेच बिघाडाला हात दिला होता. ते मिश्रण नंतर बदलले गेले. डॉक्सिसायक्लिन ही त्याच घराण्यातली धाकटी बहीण. तिची घडण अशी आहे की तो विशिष्ट बिघाड तिच्यात त्या वाटेने होऊ शकत नाही. तरी ओल आणि ऊन तिलाही मानवत नाही.

हे लक्षात ठेवून १९९४ ची सुरत आठवा. त्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावाहून गाठीच्या प्लेगच्या बातम्या आल्या, आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने माणसे मरू लागली. काही लाख लोक शहर सोडून निघाले. त्यांत उधना, लिंबायत भागांत राहणारे, यंत्रमागावर काम करणारे आपले खानदेशी बांधवही होते. पुष्कळ खाजगी दवाखान्यांना कुलपे लागली. आणि दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. सुरतेतूनच नव्हे, दूरदूरच्या शहरांतूनही. ज्याला ताप नव्हता त्यानेही कॅप्सूलचे पाकीट खिशात घातले. सरकारने धावपळ करून साठे पाठवले, ज्यांना खरेच हवे होते त्यांना औषध मिळाले, आणि मृत्यूंची संख्या पन्नासाच्या आसपास थांबली. टेट्रासायक्लिनने त्या वेळी माणसे वाचवली हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण साथ ओसरल्यावर लोकांनी जमवलेली ती पाकिटे कुठे गेली असतील? आपल्या लोकांचा स्वभाव मला ठाऊक आहे. 'महागाचे औषध आहे, टाकायचे कशाला, कधी तरी उपयोगी पडेल.' सुरतेच्या पत्र्याच्या खोलीत एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढलेली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल ही उपयोगाची वस्तू नव्हे. काटकसर हा सद्गुण आहे, परंतु तो औषधाच्या पिशवीला लावू नये.

आता परीक्षेकडे वळू. औषधावर 'या महिन्यापर्यंत वापरा' असे छापलेले असते. ही तारीख येते कुठून? पुष्कळांना वाटते की कारखानदार ती अंदाजाने घालतो. तसे नाही. औषध विक्रीच्याच वेष्टनात घालून एका बंद कपाटात ठेवतात. त्या कपाटात उष्णता आणि हवेतील ओल ठरवल्याप्रमाणे राखलेली असते. आपल्या देशाच्या नियमांत दीर्घ मुदतीच्या परीक्षेसाठी ३० अंश सेल्सिअस आणि ७० टक्के आर्द्रता धरली आहे, कारण युरोपच्या हवामानाचा हिशेब आपल्याला चालत नाही. तिथली नेहमीची परीक्षा २५ अंश आणि ६० टक्क्यांची. शिवाय एक घाईची परीक्षा असते: ४० अंश, ७५ टक्के, सहा महिने. ठराविक मुदतीनंतर गोळ्या बाहेर काढून तपासतात. एक जुनी रीत आपल्या वाचकांना आवडेल अशी आहे. काचेच्या बशीत जंतूंची पेरणी करतात आणि त्यात औषधाचे थेंब ठेवतात. औषध जेवढे जोरकस, तेवढे त्याच्याभोवती जंतू न उगवलेले रिकामे वर्तुळ मोठे. शेतात झाडाच्या सावलीखाली पीक उगवत नाही ना, तसेच. ताज्या औषधाचे वर्तुळ आणि जुन्याचे वर्तुळ मोजून ताकद काढतात. आजकाल द्रव्ये वेगळी करून मोजणारी यंत्रे आहेत, आणि ती हवीतच. कारण वर्तुळ ताकद किती उरली ते सांगते, पण बिघाडातून कोणते विष तयार झाले ते सांगत नाही.

७५ टक्के आर्द्रता हा आकडा नीट लक्षात ठेवा, कारण तो आपल्या स्वयंपाकघरात मोजता येतो. शुद्ध मिठाचा एक धर्म आहे. मिठाचा दाट, न विरघळणारा थर राहील इतका संपृक्त द्राव बंद पेटीत ठेवला की पेटीतली हवा बरोबर ७५ टक्क्यांच्या आसपास दमट राहते. लहान प्रयोगशाळांत औषधाच्या परीक्षेसाठी ही युक्ती वापरतात. उलट अर्थाने, हवा ७५ टक्क्यांहून दमट झाली की कोरडे मीठ तिच्यातले पाणी ओढू लागते आणि बरणीत पाझरते. (आगरातले जाडे मीठ याच्याही आधी ओलावते, कारण त्यात मॅग्नेशियमचा अंश असतो. पिशवीतले बारीक मीठ घेतले तर अंदाज अधिक खरा.) म्हणजे ज्या सकाळी तुमच्या मिठाला पाणी सुटले त्या सकाळी तुमच्या घरातली हवा घाईच्या परीक्षेइतकी किंवा तिच्याहून दमट आहे. आणि सुरतेला काय किंवा वसई-पालघरला काय, जून ते सप्टेंबर मिठाला पाणी सुटलेलेच असते! कारखान्याच्या कपाटातली दीर्घ परीक्षा ७० टक्क्यांवर झाली आहे हे ध्यानात घ्या.

उष्णतेचा हिशेब असा. मोघम नियम सांगतो की दर १० अंशांना बिघाडाचा वेग दुपटीने ते तिपटीने वाढतो. एखादे कपाट रात्री बारा तास २५ अंशांवर आणि दिवसा बारा तास ४० अंशांवर राहिले, तर सरासरी साडेबत्तीस येते आणि कारकून लिहून ठेवतो, 'सरासरी ३२.५, फारसे वाईट नाही.' औषध सरासरीने बिघडत नाही. दुपारचे तास रात्रीच्या तासांपेक्षा जास्त खातात. दुपटीचाच हिशेब धरला तरी ते कपाट औषधाच्या दृष्टीने ३४ अंशांच्या वर असते. सुरतेचा एप्रिल-मे, त्यात लोखंडी कपाट, वर सिमेंटचा पत्रा, आणि पश्चिमेची भिंत. दुपारी त्या कपाटाला हात लावून पाहावा.

माझे म्हणणे एवढेच आहे की परीक्षा चांगली आहे, परंतु ती कारखान्याच्या फाटकाशी थांबते. कारखानदार आपल्या ठेवणीतल्या नमुन्यांवर लक्ष ठेवतो. सरकारी निरीक्षक दुकानांतून नमुने उचलतात, तेही योग्यच. पण औषधाचा खडतर प्रवास त्यानंतरचा आहे. उपकेंद्राचे कपाट, आश्रमशाळेचा औषधांचा डबा, आमच्या धर्मग्रामातल्या दवाखान्याची खोली, गोठ्यातली खुंटी. लेप्टोच्या दिवसांत जी डॉक्सिसायक्लिन वाटायची, तिचे नमुने वाटपाच्या सुरुवातीला नव्हे तर शेवटच्या आठवड्यात, शेवटच्या पाड्यावरून उचलावेत आणि तपासावेत. यात फार मोठा खर्च नाही. गोदामात एक साधे तापमान-आर्द्रता मापक टांगून रोज दुपारी दोन वाजता आकडा लिहायचा, हे तर शाळेतली पोरेही करतील. लस थंड ठेवण्यासाठी आपण देशभर शीतपेट्यांची साखळी उभी केली, आणि ती आज वाड्या-वस्त्यांपर्यंत जाते. प्रतिजैविकाला बर्फ नको आहे. त्याला कोरडी, सावलीची जागा हवी आहे. एवढी स्वस्त मागणीही पुरी होत नाही याचे नवल वाटते.

कोणी म्हणेल, एवढा गाजावाजा कशाला, अमेरिकेत तर मुदत संपलेली औषधेही चांगली निघाली. हे खरे आहे आणि ते लपवू नये. अमेरिकन सैन्याच्या साठ्यातली औषधे १९८६ पासून फेरतपासली जात आहेत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीप्रमाणे १२२ प्रकारच्या औषधांच्या ३००५ घाण्यांपैकी ८८ टक्के घाण्यांची मुदत निदान एक वर्षाने वाढवता आली. पण ती औषधे न उघडलेल्या मूळ वेष्टनात, राखलेल्या तापमानात ठेवलेली होती. यातून मला उमजते ते असे, की तारखेपेक्षा जागा महत्त्वाची. कोरड्या थंड जागी औषध तारखेच्या पुढेही टिकू शकते, आणि वाईट जागी ते तारखेच्या आतच खचते. आपण मात्र पाकिटावरची तारीख वाचून निर्धास्त होतो आणि जागेकडे पाहत नाही. म्हणून कोणी जुन्या गोळ्या खाऊ नयेत. आपली जागा अमेरिकन सैन्याचे कोठार नव्हे.

निम्म्या ताकदीच्या गोळीने केवळ पैसे वाया जात नाहीत. जंतू पुरते मरत नाहीत. जे चिवट ते उरतात आणि त्यांचीच पैदास होते. तणनाशक पातळ करून फवारले तर दुसऱ्या वर्षी कसले तण माजते ते आपण पाहिले आहे. आणि डॉक्टर समजतात की औषध लागू पडले नाही, म्हणून अधिक भारी औषध लिहून देतात. दोष जंतूचा नसतो, डॉक्टरांचाही नसतो. चुलीवरच्या फळीचा असतो.

आता घरचे पाहू. पट्टीतून गोळी काढायची ती खायच्या वेळीच. सगळ्या गोळ्या काढून जुन्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय काही घरांत आहे, ती सोडावी. ॲल्युमिनियमच्या पट्टीतून ओल जवळजवळ आत शिरत नाही. पारदर्शक प्लास्टिकच्या बुडबुड्यांतून ती हळूहळू शिरते. कागदाच्या पुडीतून तर त्याच रात्री. मजुरांना गोळ्या वाटणाऱ्या सेवकांना माझी विनंती आहे, कात्रीने पट्टी कापून द्या, गोळी सोलून देऊ नका. लेप्टोची गोळी तर समोर उभे राहून, पेलाभर पाण्याबरोबर गिळवावी हे सर्वांत बरे. डॉक्सिसायक्लिन पाण्याशिवाय गिळली किंवा गिळून लगेच आडवे झाले तर अन्ननलिकेत चिकटून फोड आणते. गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

दुकानदार पट्टी कापून देतो तेव्हा तारीख आणि घाणा क्रमांक एकाच टोकाला असतात, आणि ते टोक बहुधा त्याच्याकडेच राहते. त्याला सांगा, तारखेचे टोक मला नको, पण मला वाचू दे. मी ते घरी लिहून ठेवीन. रागावला तर रागावू दे.

औषधाची जागा: चूल, न्हाणीघर, खिडकी, दूरदर्शन संचाची पाठ, मोटारसायकलची पेटी, या सर्वांपासून दूर. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, आतल्या खोलीत, जमिनीपासून वर पण पत्र्यापासून खाली. डब्यात कोरडे भाजलेले तांदूळ कापडात बांधून ठेवले तर थोडी ओल ओढतात, पण त्यांच्यावर फार विसंबू नये. ते दर आठवड्याला पुन्हा भाजावे लागतात आणि बाया दुसऱ्या आठवड्याला विसरतात. (पुरुष पहिल्यालाच.) गोळ्या शीतकपाटात ठेवण्याची गरज नाही. दार उघडझाप करताना आत दव धरते, ते उलट वाईट.

मुलांचे पातळ औषध मात्र वेगळे. पूड असते तोवर ती कोरड्या जागी, आणि पाणी घातल्यावर बाटलीवर लिहिले असेल तितकेच दिवस. अमॉक्सिसिलीनबरोबर क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असलेले मिश्रण पाणी घातल्यानंतर थंडच ठेवावे लागते आणि सात दिवसांनी फेकावे लागते. वीज नसलेल्या घरी दोन मडक्यांत ओली वाळू घालून मधली जागा थंड करण्याची युक्ती आपल्याकडे जुनी आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ती छान चालते. पावसाळ्यात नाही, कारण पाणी सुकतच नाही, आणि सुकल्याखेरीज मडके गार होत नाही. त्या दिवसांत शेजारच्या शीतकपाटात एक कोपरा मागून घ्यावा, किंवा डॉक्टरांना आधीच सांगून दुसरे औषध घ्यावे.

गोठ्याकडे आपले लक्ष आणखी कमी. कासदाहाच्या नळ्या, ऑक्सिटेट्रासायक्लिनची बाटली, अर्धी उरलेली पेनिसिलीनची कुपी खुंटीला लटकलेली असते. पाणी घातलेले पेनिसिलीन दुसऱ्या जनावरासाठी महिनाभर ठेवून टोचणे म्हणजे गाईला पाणी टोचणे होय, आणि तेही न उकळलेले. भाताच्या जिवाणूजन्य करप्यावर वापरली गेलेली स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी आठवा. तीही प्रतिजैविकच, स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण. अशा पुड्या खतांच्या शेजारी उघड्या पडलेल्या पाहिल्या आहेत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये या मिश्रणाचा शेतीतला वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला, त्याचे कारण हेच की माणसांची औषधे शेतात उधळली तर जंतू सोकावतात. जुनी पुडी घरात असेल तर शिंपू नका, कृषी सेवकाला दाखवा.

पुराचे पाणी लागलेले औषध कोणतेही असो, ते गेले असे समजावे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरत शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर उन्हात पाकिटे सुकवून ती पुन्हा फळीवर लावण्याचा मोह दुकानदारालाही होतो, घरधन्यालाही. बाहेरचा कागद सुकतो. आत काय झाले ते दिसत नाही.

दिसण्यावरून ओळखता येते का, असे विचारले जाते. काही वेळा येते. टेट्रासायक्लिनची पिवळी पूड तपकिरी पडली, कॅप्सूल मऊ झाली किंवा एकमेकींना चिकटली, पुडीच्या औषधाचे गोळे झाले, गोळीवर ठिपके आले किंवा ती बोटाने भुरभुरली, तर घेऊ नये. पण रंग बदलला नाही म्हणजे ताकद शाबूत आहे असे नव्हे. ॲम्पिसिलीन निम्मे गेले तरी पांढरेच दिसते.

मग खात्री करायची तर कशी? इथे कायदा आपल्या बाजूचा आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कोणीही माणूस, किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना, ठरलेले शुल्क भरून औषध सरकारी विश्लेषकाकडे तपासणीसाठी देऊ शकते, आणि विश्लेषकाने सही केलेला अहवाल मिळण्याचा तिला हक्क आहे. अर्जाचा नमुना १४-अ. गुजरातची सरकारी औषध प्रयोगशाळा वडोदऱ्याला आहे. महाराष्ट्रात मुंबई व नागपूरला. एकट्या शेतकऱ्याने वडोदऱ्याला जावे असे मी म्हणणार नाही. एकदोन गोळ्यांवर परीक्षा होत नाही, वीसेक तरी लागतात, आणि शुल्कही भरावे लागते. पण धर्मग्रामाच्या दवाखान्याने, दूध संस्थेने किंवा महिला मंडळाने वर्षातून एकदा, भाद्रपदात, आपल्याच कपाटातल्या एका औषधाचे न फोडलेले पाकीट पाठवले तर? जूनमध्ये त्याच घाण्याचे दुसरे पाकीट आधी पाठवून ठेवावे, म्हणजे पावसाळ्याने किती खाल्ले ते दोन अहवाल शेजारी ठेवून कळेल. सुरुवात डॉक्सिसायक्लिनपासून करावी, कारण सुरतेच्या आणि आपल्याही चिखलात उतरणाऱ्यांचा जीव तिच्यावर आहे. घाणा क्रमांक, खरेदीची पावती, कपाट कुठे आहे आणि रोज दुपारचा आकडा काय होता, हे वहीत लिहिलेले असू द्या.